थोरॅसिक (छातीच्या कॅन्सरच्या) ओपीडीतल्या सगळ्यांना

परळच्या टाटा मेमोरियलमधले डॉक्टर, सिस्टर, सोशल वर्कर ताई आणि फाइली हुडकून देणारे मामा,

सप्रेम नमस्कार.

पत्र एकाच्याच नावाने लिहावं म्हटलं, तर नाव सुचेना. आईच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरचे उपचार नेमके कोणी एकाने ठरवले हे आम्हाला अजूनही सांगता येत नाही; ते तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलेत, आणि आभार त्याबद्दलच मानायचे आहेत.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही घरचे लोक निरोप्याचं काम करत होतो. एका डॉक्टरांचं म्हणणं दुसऱ्यांच्या कानावर घालायचं, वाटेत गळेल ते गळेल. खोकला टीबीचा समजून काही महिने त्याच्याच गोळ्या चालल्या; थुंकीत जंतू कधी सापडलेच नव्हते. एक्स-रेवर दोन्ही आजार सारखे दिसू शकतात, हे मान्य. पण आईने जन्मात विडीला हात लावला नाही, म्हणून कॅन्सर कोणाच्या मनातही आला नाही. चुलीच्या धुरात गेलेली वर्षं कोणी विचारली नाहीत. ती तुम्ही विचारलीत.

मग तुमचं जॉइंट क्लिनिक. सर्जन, किमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर, सगळ्यांसमोर एकच स्कॅन. फुफ्फुसाभोवतीच्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी आहेत, खुब्याच्या हाडातही गाठ आहे, तेव्हा ऑपरेशन करून फायदा नाही, हे सर्जननीच सांगितलं. ज्याच्या हातात सुरी, तोच नको म्हणाला, तेव्हा अण्णांचा विश्वास बसला. नाहीतर ‘काढून टाका एकदाचं’ हा त्यांचा हेका सुटला नसता.

बायोप्सीचा तुकडा लहानसा होता. पॅथॉलॉजीवाल्यांनी तो पुरवून वापरला, म्हणून जनुकांच्या तपासणीसाठी आईला पुन्हा सुई टोचावी लागली नाही. ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल सापडला. त्या बदलावर चालणारी गेफिटिनिबची रोजची गोळी आणि सोबत पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिनची किमो असं ठरलं. गोळी असताना किमो कशाला, असं मी विचारलं, तेव्हा तुमच्याच रुग्णालयातल्या ३५० रुग्णांच्या अभ्यासाबद्दल कळलं. तो २०२० मध्ये छापून आला आहे: नुसत्या गोळीवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, दोन्ही मिळून १६. त्रास जास्त होतो, हेही तुम्ही लपवलं नाहीत. पहिल्या किमोआधी आठवडाभर फॉलिक ॲसिड घेतलं का, हे डॉक्टर, सिस्टर आणि औषधं देणाऱ्या ताई अशा तिघांनी वेगवेगळं विचारलं. आई वैतागली. मला बरं वाटलं.

सगळ्यात जास्त ऋण पॅलिएटिव्हच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या मंडळींचं. मॉर्फिनचं नाव काढताच अण्णांचा चेहरा उतरला. त्यांच्या लेखी ते शेवटचं औषध. तुमच्या डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली. हे दुखण्यासाठी आहे, मरणासाठी नाही. रेडिएशनने खुबा शांत झाला की डोस उतरवू, असं समजावलं. पोट साफ व्हायचं औषध सोबत लिहून दिलं, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठता होतेच. आणि डोस खरोखर उतरला. गेफिटिनिबच्या गोळीने अंगावर पुरळ उठलं, नखांच्या कडा सुजल्या, तेव्हाही ‘हे आमचं काम नाही’ असं कोणी म्हणालं नाही.

सोशल वर्कर ताई, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसाठी तुम्ही चिठ्ठी दिलीत, केशरी रेशनकार्डाचे कागद लावून दिलेत. मुंबईत आमचं कोणी नाही. ती चिठ्ठी नसती, तर उपचार कितीही चांगले असोत, आम्ही अर्ध्यावर गावी परतलो असतो.

परवाच्या स्कॅनमध्ये गाठ पुन्हा थोडी वाढलेली दिसली. गोळीला दाद न देणारा टी७९०एम नावाचा जनुकातला बदल झालाय का, हे बघायला रक्त पाठवलं आहे. तो बदल निघाला तर ऑसिमर्टिनिब ही दुसरी गोळी, नाही तर पुन्हा सगळे मिळून बघू, असं तुम्ही सांगितलंत. त्या ‘सगळे मिळून’वर आई निश्चिंत आहे. रिपोर्ट आला की फोन माझ्या नंबरवर करा. आईचा फोन घरात असतो आणि ती शेतात.

आपली,
एका पेशंटची मुलगी