छोटीच्या बाळंतपणाविषयी आईला पत्र

लेस्टर, दि. ९ नोव्हेंबर

ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

परवा फोनवर तू म्हणालीस की ऐकलेले निम्मे विसरायला होते, सगळे लिहून पाठव. म्हणून हे पत्र. छोटीला बत्तिसावा आठवडा लागला आहे आणि बाळंतपण आपल्याकडे कासारवडवलीला व्हायचे आहे, तेव्हा रात्री-अपरात्री काय करायचे हे तुलाच ठरवावे लागणार.

गेल्या आठवड्यात तिचे डोके दुखत होते, चेहरा सुजल्यासारखा दिसत होता आणि तू पित्त समजून कपाळाला बाम लावून तिला झोपवलेस. दुसऱ्या दिवशी मोजलेला रक्तदाब ठीक निघाला हे आपले नशीब; पुन्हा असे झाले तर सकाळ होण्याची वाट पाहू नकोस. संध्याकाळी पावलांवर थोडी सूज बहुतेकींना येते, पण चेहऱ्यावर आणि हातांवर एकाएकी आलेली सूज, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणे किंवा अंधुक दिसणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणे असू शकतात. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आला, तर लघवीतून प्रथिने जातात का हेही तपासावे लागते. दुर्लक्ष झाले तर आईला झटके येऊ शकतात आणि बाळाचेही पोषण अडते. कधी कधी काहीच त्रास जाणवत नाही, म्हणून एकही तपासणी चुकवू नये.

दुसरी गोष्ट मला त्याहून जवळची आहे. माझ्या आठव्या महिन्यात एका दुपारपासून बाळाची हालचाल मंदावली. दिवस भरत आले की आत जागा उरत नाही, म्हणून बाळ शांत होते, असे आपल्याकडे सगळ्याच जणी सांगतात आणि मीही त्याच समजुतीवर रात्रीपर्यंत थांबले. शेवटी फोन केला तेव्हा पलीकडच्या सुईणीने एवढेच म्हटले, "आत्ता या." बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढला, तो चांगला निघाला आणि उगाच आलात असे कोणीही म्हणाले नाही. आई, ती समजूत खरी नाही. बाळाने कळा सुरू होईपर्यंत आपल्या नेहमीच्या रीतीने हलत राहायला हवे. छोटीला रोजच्यापेक्षा हालचाल कमी वाटली, तर गोड खायला देऊन तासन् तास वाट पाहण्यापेक्षा लगेच रुग्णालयात न्यावे.

अंगावरून रक्त गेले, तर दुखो वा न दुखो, निघायचेच. तिचा रक्तगट निगेटिव्ह आहे हे तिथे पोहोचताच सांग, कारण अशा वेळी बहुधा ७२ तासांच्या आत एक इंजेक्शन द्यावे लागते. पाणी जाऊ लागले, ३७ आठवड्यांआधी पोटात थांबून थांबून कळा आल्या, ताप १००.४ च्या वर गेला, किंवा एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, धाप लागली, तरीही तसेच. तळहात-तळपाय रात्री फार खाजू लागले तर त्याला केवळ उष्णता समजू नये. यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी.

आता घोडबंदर रस्त्याचे. रात्री अवजड वाहनांमुळे मानपाडा ते कापूरबावडी किती वेळ लागेल हे कोणी सांगू शकत नाही आणि नाव नोंदवलेले रुग्णालय तर नौपाड्यात आहे. म्हणून आधी तिथे फोन करून निघावे. रक्त फार जात असेल किंवा झटका आला, तर १०८ ला फोन करून जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. शेजारच्या काकांना रात्री गाडी काढाल का, हे आजच विचारून ठेव. फाईल, सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि आधार कार्ड एका पिशवीत घालून ती दाराजवळच्या खुंटीला अडकव, आणि ती कुठे आहे हे बाबांनाही दाखव.

ती. बाबांना नमस्कार, छोटीला आशीर्वाद. तिचा पुढच्या तपासणीतला रक्तदाब मला त्याच दिवशी कळव.

तुझी,
थोरली