सही करण्याआधी

प्रिय संजू,

तुझा निरोप मिळाला. गाडीचं मागचं अंग चेपलं तरी तू आणि काकू दोघंही सुखरूप आहात हे वाचून जीव भांड्यात पडला. पण खाली तू लिहिलं आहेस की मान जरा आखडली आहे, काकूंची छाती सीटबेल्टच्या पट्ट्याच्या जागी दुखते आहे, बाकी किरकोळ. धडक देणाऱ्या गाडीच्या विमा कंपनीचा माणूस चेक द्यायला तयार आहे, सही करून विषय संपवतो. संजू, ती सही इतक्यात करू नकोस. मी दाव्यांचंच काम करतो, त्यामुळे हे काळजीपोटी तर लिहितोच आहे, पण माहितीतूनही लिहितो आहे.

आधी काकूंबद्दल. त्यांना आजच डॉक्टरकडे ने. पट्ट्याने जीव वाचतो, पण त्याच दाबाने बरगडीला किंवा छातीच्या मधल्या हाडाला चीर जाऊ शकते, आणि या वयात ती शक्यता जास्त. त्या रक्त पातळ करणारी गोळी घेतात हेही डॉक्टरांना सांग. डोकं कुठे आपटलं असेल तर वरून काही दिसत नसलं तरी तपासून घ्यायलाच हवं. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, हातापायाला मुंग्या किंवा अशक्तपणा, यातलं काहीही तुला किंवा त्यांना जाणवलं तर दाव्याचा विचार बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल गाठा.

आता तुझी मान. तू पहिल्यापासून दुखणं अंगावर काढणारा, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मागून धडक बसली की सीट पाठीला पुढे ढकलते आणि डोकं क्षणभर जागच्या जागी राहतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत मानेचा खालचा भाग मागे आणि वरचा भाग पुढे वाकतो, मग डोकं झटक्याने मागे जाऊन पुढे येतं. यात स्नायू आणि सांध्यांभोवतीचे बंध ताणले जातात. त्या वेळी अंगात इतकी घबराट असते की दुखणं कळतही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान वळवताना कळतं. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, हा ताण दिसत नाही. म्हणजे ‘एक्स-रे नॉर्मल’ या शब्दांचा अर्थ हाड मोडलेलं नाही एवढाच.

कॅनडातल्या क्यूबेकच्या तज्ज्ञगटाने १९९५ साली अशा दुखापतींची जी वर्गवारी मांडली, ती आजही वापरतात. नुसतं दुखत असेल तर पहिली पायरी. मान कमी वळते, दाबल्यावर ठरावीक जागी दुखतं, असं तपासणीत आढळलं तर दुसरी. नसांवर परिणाम दिसला तर तिसरी, आणि हाड मोडलं किंवा सरकलं तर चौथी. पहिल्या आणि दुसऱ्या पायरीत जो फरक आहे तो केवळ डॉक्टरांच्या हाताला कळतो. त्यांनी मान वळवून पाहिली नाही, कागदावर लिहिलं नाही, तर तो फरक कुठेच राहत नाही. माझ्यासमोर येणाऱ्या फायलींत माणूस खरं बोलतो आहे हे जाणवतं, पण पहिला वैद्यकीय कागद अपघातानंतर कितीतरी दिवसांनी केलेला असतो आणि त्यात अपघाताचा उल्लेखही नसतो. मग कंपनी विचारते की हे दुखणं त्या धडकेचंच कशावरून? तेव्हा डॉक्टरांना तारीख सांग, धडक कुठून बसली ते सांग, काय काय करताना दुखतं ते सांग, आणि हे सगळं लिहून घ्या म्हणून सांग.

दोन वर्षांपूर्वी तुझी मान धरली होती, तेही लपवू नकोस. जुन्या दुखण्यामुळे दावा बुडतो असं लोक समजतात. पण ते जुनं दुखणं या अपघाताने किती वाढलं हे दाखवता आलं तर तेवढ्यापुरती भरपाई मागता येते. लपवलेली गोष्ट जुन्या कागदात सापडली, तर मात्र तुझ्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

त्या चेकचं सांगतो. सोबत जो कागद येतो त्यावर बहुधा ‘फुल अँड फायनल’ असं असतं. त्याचा अर्थ, या अपघातापोटी यापुढे माझं काहीही मागणं नाही. पुढच्या महिन्यात हाताला मुंग्या यायला लागल्या तरी मग ते दार बंद. इंग्लंड आणि वेल्समध्ये नेमक्या याच घाईला कायद्याने आळा घातला आहे. ३१ मे २०२१ पासून तिथे अशा मानेच्या दुखापतीत वैद्यकीय अहवाल आल्याशिवाय तडजोडीची रक्कम देऊ करायलाच बंदी आहे. आणि तिथला भरपाईचा तक्ता दुखणं किती महिने टिकलं त्यावर बेतलेला आहे. मला हे फार योग्य वाटतं. पहिल्याच आठवड्यात तुला तरी कसं कळणार की ते तीन आठवडे टिकेल की सहा महिने?

गाडी अडकून पडेल ही तुझी भीती कळते. त्यावर उपाय आहे. गाडीची दुरुस्ती आणि अंगाची दुखापत हे दोन वेगळे हिशेब आहेत. कंपनीला लेखी विचार की हा कागद फक्त गाडीपुरता आहे का. तसं त्यात स्पष्ट लिहून दिलं तर गाडीचं खुशाल मिटव. आणि काकूंच्या नावाने तू सही करू नकोस. त्यांचा दावा त्यांचा स्वतंत्र आहे. मागे बसलेल्या माणसाची चूक काढायला सहसा जागाच नसते, त्यामुळे तो दावा तुझ्यापेक्षाही भक्कम असतो.

तुझ्या स्वतःच्या विम्याकडेही बघ. समोरच्या कंपनीशी बोलणं चाललंय म्हणून आपल्या कंपनीला कळवायचंच राहून जातं, आणि कळवायची मुदत निघून जाते. नुसतं कळवणं म्हणजे दावा करणं नव्हे. वैयक्तिक अपघात विमा असेल तर फार आशा ठेवू नकोस. तो बहुतेक वेळा मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वापुरताच असतो. पण काही पॉलिसींत उपचारखर्चाचं किंवा कामावर जाता न आल्यास आठवड्याला ठरावीक रकमेचं जोड-कलम असतं, ते शोध. आरोग्य विम्याने बिल भरलं असेल तर तेच बिल दुसरीकडे पुन्हा मागू नकोस, मात्र तुझ्या खिशातून गेलेलं प्रत्येक बिल, जाण्यायेण्याचा खर्च आणि कामाचे बुडालेले दिवस यांची पुरावे जोडून नोंद ठेव. फोनवर जबाब मागितला तर घडलं तेवढंच सांग. वेग, अंतर यांचे अंदाज बांधू नकोस, आणि ‘मी ठीक आहे’ हे सवयीचं वाक्य तर नकोच, कारण ते तसंच्या तसं फायलीत जातं.

दुखणं वाढवून सांगायला मी तुला कधीच सांगणार नाही. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात १९९५ मध्ये वेदनेपोटी मिळणारी भरपाई बंद झाली, तेव्हा मानेच्या दाव्यांचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं आणि दावे लवकर मिटू लागले, असं २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. यावरून काही जण म्हणतात की ही दुखणी खोटीच असतात. मला ते पटत नाही. इतकी माणसं मी समोर बसलेली पाहिली आहेत. पण दाव्याची ओढाताण जितकी लांबते तितकं बरं होणंही रेंगाळतं, हे मात्र मानतो. म्हणून कागद आत्ताच नीट कर आणि मग लक्ष मानेकडे दे. मानेला पट्टा लावून पडून राहू नकोस, डॉक्टर सांगतील तशी मान हळूहळू हलवत राहा. बहुतेक लोक काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत बरे होतात.

कंपनीने दिलेल्या कागदाचे फोटो मला आजच पाठव, मागच्या बाजूची बारीक अक्षरंही. रात्री वाचून फोन करतो. काकूंना नमस्कार सांग, आणि डॉक्टर काय म्हणाले ते आधी कळव.

तुझा,
अनंत