३५ मिनिटांच्या तासात सहा मिनिटे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२९ ऑगस्टला मेजर ध्यानचंद यांची जयंती राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून शाळाशाळांत साजरी होते. आमच्याकडेही प्रतिमापूजन होते, दोन भाषणे होतात, धावण्याच्या शर्यती होतात आणि फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर जातात. दुसऱ्या दिवसापासून खेळाचा तास पुन्हा पहिल्यासारखाच. मी धाराशिव जिल्ह्यात वस्तीवरच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. चार वर्ग, दोन शिक्षक, ३८ मुले. आमच्याकडे क्रीडाशिक्षक नाही आणि येणारही नाही. खेळाचा तास आम्हीच घ्यायचा असतो, आणि तो कसा घ्यायचा हे आम्हाला कुणी शिकवलेले नसते. त्याबद्दल हे पत्र.

मी २००६ साली डी.एड. झाले. शारीरिक शिक्षण हा विषय होता. त्याची पाठ टाचणे मी सुवाच्य अक्षरात, आकृत्या काढून लिहिली होती. पण ते पाठ आम्ही वर्गखोलीत, एकमेकींवर घेतले. बाके भिंतीला सरकवायची आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मैत्रिणींनी चौथीची मुले व्हायचे. गणिताचे सराव पाठ मात्र खऱ्या शाळेत झाले होते. मागच्या बाकावर बसलेल्या प्राध्यापकांनी माझ्या चुका वहीत लिहून दिल्या होत्या. त्या चुकांमुळेच मी गणित शिकवायला शिकले. मैदानावर माझी चूक दाखवणारे कुणीच नव्हते.

नोकरी लागल्यावर मी तेच केले जे माझ्या लहानपणी पाहिले होते. मुलांना चेंडू द्यायचा, मुलींना दोरी द्यायची, आणि पायरीवर बसून वह्या तपासायच्या. शनिवारी सकाळी कवायत घ्यायची, तीही 'एक साथ सावधान'च्या पलीकडे फारशी जायची नाही. वर्षाच्या शेवटी शारीरिक शिक्षणाच्या वर्णनात्मक नोंदीत सगळ्यांपुढे एकच वाक्य लिहायचे: 'खेळात आवडीने भाग घेतो.' ते खरे नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते.

शेजारच्या गावच्या हायस्कूलचे एक क्रीडाशिक्षक निवृत्तीनंतर आमच्या वस्तीवर राहायला आले. मी त्यांना विनंती केली की, सर, शनिवारी शाळा सुटल्यावर मला तासभर शिकवा. मला वाटले, ते शिट्टी कशी वाजवायची, संचलन कसे घ्यायचे इथून सुरुवात करतील. ते म्हणाले, "बाई, शिट्टी नंतर. आधी घड्याळ घ्या." दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला एक काम दिले. खेळाच्या तासाला एकच मूल निवडायचे आणि ते प्रत्यक्ष किती वेळ हलते तेवढेच मोजायचे.

मी चौथीतली एक मुलगी निवडली. लंगडीचा डाव होता. ती अंगाने जरा जड, त्यामुळे पहिल्याच फेरीत बाद झाली आणि लिंबाखाली जाऊन बसली. काडीने मातीत रेघोट्या ओढत राहिली. डाव संपला, नवा सुरू झाला, ती पुन्हा आधी बाद झाली. ३५ मिनिटांच्या तासात ती सहा मिनिटे हलली. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर तरी दम लागेल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझ्या तासाला तिला सहा मिनिटे मिळत होती आणि मी तिच्या नावापुढे 'आवडीने भाग घेतो' लिहीत होते. ज्या मुलाला हालचालीची सगळ्यात जास्त गरज, तेच सगळ्यात आधी बाहेर बसते, हे इतकी वर्षे माझ्या डोळ्यांसमोर घडत होते.

पुढच्या शनिवारी सरांनी मला डाव न बदलता नियम बदलायला शिकवले. फक्की मारून एकाऐवजी दोन चौकोन आखायचे. बाद झालेल्याने बसायचे नाही, कुंपणाला हात लावून, पाच उड्या मारून पुन्हा आत यायचे. चेंडूचेही तसेच. एक चेंडू आणि ३८ मुले म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभरसुद्धा येत नाही. आम्ही जुन्या साड्यांच्या चिंध्यांचे चेंडू बांधले, दोघांत एक. समग्र शिक्षा अभियानातून प्राथमिक शाळेला क्रीडा साहित्यासाठी वर्षाला ५,००० रुपये मिळतात. त्यातून बॅट-स्टम्पांचा एक संच आणण्याऐवजी यंदा रबरी चेंडू आणि दोऱ्या आणल्या.

चिंध्यांच्या चेंडूचा आणखी एक फायदा झाला. झेल घेताना निम्मी मुले डोळे मिटतात, कारण चेंडू लागायची भीती असते. मऊ चेंडूने भीती गेली की डोळे उघडे राहतात. फेकण्याचेही शिकवावे लागते, हे मला माहीतच नव्हते. उजव्या हाताने फेकताना डावा पाय पुढे हवा आणि कंबर वळायला हवी. आमच्या बहुतेक मुली उजवा हात, उजवा पाय एकदमच पुढे टाकायच्या, म्हणून चेंडू दहा पावलांवर पडायचा आणि मुले हसायची. 'मुलींना फेकता येत नाही' असे मीही म्हणत आले होते. मातीत डाव्या पावलाचा ठसा आखून दिला. पंधरा दिवसांत त्याच मुलींचे चेंडू कुंपणापार जायला लागले. मुलांना ते गल्लीत क्रिकेट खेळताना मोठ्या भावांकडे बघून आलेले असते. मुलींना कुणी गल्लीत खेळूच देत नाही, एवढाच फरक आहे.

लहान वाटणाऱ्या पण तास बिघडवणाऱ्या कितीतरी गोष्टी आहेत. सूचना देताना ऊन शिक्षकाच्या तोंडावर हवे, मुलांच्या नाही. सूचना दोन वाक्यांपेक्षा लांबली की मागची रांग ढकलाढकली करू लागते, म्हणून आधी करून दाखवायचे, मग बोलायचे. आणि गृहपाठ केला नाही म्हणून उठाबशा, मैदानाला फेऱ्या हे तर सरांनी पहिल्याच दिवशी बंद करायला लावले. व्यायामाची सजा भोगलेल्या मुलाला व्यायामाची गोडी लागणार कशी, असे ते विचारायचे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि प्रियांका इंगळे, प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. आमच्या जिल्ह्याच्या सारिका काळे यांना तर खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळालेला. साहजिकच मुलींनी खो-खोचा हट्ट धरला. पहिल्या डावात आठ जण आलटूनपालटून विरुद्ध दिशांना तोंडे करून बसले आणि एका मुलीला अख्ख्या डावात एकदाही खो मिळाला नाही, कारण जोरात पळणारी मुले एकमेकांनाच खो देतात. आता मला काय करायचे ते माहीत होते. आठऐवजी चार जण बसवले, असे दोन गट केले, आणि सगळ्यांना एकदा मिळेपर्यंत त्याच मुलाला पुन्हा खो द्यायचा नाही असा नियम केला. दिशा बदलायची नाही, मधली पाटी ओलांडायची नाही, खांबाला वळसा घालूनच दुसऱ्या बाजूला जायचे, हे नियम त्यानंतर एकेक करून आणले. सगळे एकदम सांगितले असते तर अर्धा तास नुसते भांडण झाले असते.

आता मूळ मुद्दा. शिक्षण हक्क कायद्यात कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांची, म्हणजे अर्धवेळ शिक्षकांची, तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीचे वर्ग असलेल्या आणि त्यांत शंभराहून जास्त पट असलेल्या शाळांसाठी. आमच्यासारख्या वस्तीवरच्या शाळा त्या नियमात कधीच बसणार नाहीत. बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली कितीतरी मुले-मुली नोकरीची वाट पाहत आहेत, त्यांची भरती व्हायलाच हवी. ती झाली तरी पहिली ते चौथीच्या लहान शाळेत खेळाचा तास वर्गशिक्षकच घेणार. मूल पळायला, उडी मारून गुडघे वाकवून उतरायला, फेकायला, झेलायला शिकते ते याच चार वर्षांत. तेव्हा वर्गशिक्षकाला हे शिकवण्याखेरीज दुसरा उपाय मला दिसत नाही.

त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. डी.एल.एड.मधले (पूर्वीचे डी.एड.) शारीरिक शिक्षणाचे सराव पाठ शाळेच्या मैदानावर, खऱ्या मुलांसमोर व्हावेत आणि निरीक्षकाने हातात घड्याळ घेऊन ते पाहावेत. आसपासच्या शाळांच्या गटाची, म्हणजे केंद्राची, शिक्षण परिषद दर महिन्याला होते. त्यांतली प्रत्येक सत्रात एक तरी परिषद मैदानावर घ्यावी आणि जवळच्या हायस्कूलच्या क्रीडाशिक्षकांनी ती चालवावी. आजवर मी ज्या प्रशिक्षणांना गेले, त्यांत खेळाविषयी जे काही ऐकले ते सभागृहात, पडद्यावरच्या स्लाइड बघत, खुर्चीवर बसून.

मागच्या महिन्यात मी पुन्हा घड्याळ लावून मोजले. दुसरीतला एक शांत मुलगा निवडला होता. तो २२ मिनिटे हलला. लिंबाखाली बसणारी ती मुलगी आता बाहेरगावच्या शाळेत सहावीला आहे. ती तिथे खो-खो खेळते, असे तिच्या आईने परवा बाजारात भेटल्यावर सांगितले.

सरांनी सांगितलेले सगळे खेळ, बदललेले नियम आणि मैदान आखायच्या आकृत्या मी एका दोनशेपानी वहीत उतरवल्या आहेत. कळंब तालुक्यातल्या ज्या शाळेला हवी असेल, तिला मी वहीची झेरॉक्स द्यायला तयार आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर कुणी आमच्या मैदानावर आले, तर सर आणि मी दोघेही तिथे असतो.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. कळंब, जि. धाराशिव