लेह सहलीतील स्थलदर्शनाच्या दिवसाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, सहल विभाग

विषय : स्थलदर्शनाची चुकीची आखणी, निरुपयोगी ऑक्सिजन सिलिंडर व खर्चाचा परतावा

महोदय,

आमच्या स्वयंसेवक गटातील २१ जणांची लेह सहल तुमच्यामार्फत झाली. कामाच्या दिवसांच्या व्यवस्थेबद्दल काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती दुसऱ्या दिवसाबद्दल, ज्याला तुमच्या पत्रकात ‘हलके स्थलदर्शन’ म्हटले आहे.

गोव्याहून विमानाने जाणारा माणूस समुद्रसपाटीवरून थेट ३,५०० मीटरवर उतरतो. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू इथल्या साधारण दोन तृतीयांश असतो. पहिले दोन दिवस आराम, भरपूर पाणी, दारू नाही, चढण नाही, हे लेहमधला कुठलाही हॉटेलवाला सांगतो. तुम्ही उतरल्याच संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढायला लावल्या (वरपर्यंत गाडीरस्ता आहे!) आणि दुसऱ्या सकाळी खारदुंग ला हा उंच घाट ठेवला. म्हणजे ४० किलोमीटरांत १,८०० मीटरांहून अधिक चढ. शे आणि ठिकसे ही मठांची गावे सिंधूच्या खोऱ्यात, लेहपासून १५ ते २० किलोमीटरवर. ते आधी हवे होते. ते ठेवले दुपारनंतर.

सकाळी निघतानाच तुमची हिमाचल पासिंगची टेम्पो ट्रॅव्हलर अडवली गेली. बाहेरच्या प्रवासी गाड्यांना तिथे स्थानिक स्थलदर्शन करू देत नाहीत, ही टॅक्सी संघटनेची जुनी भूमिका आहे. ती तुम्हाला माहीत नसेल तर कठीणच. स्थानिक टॅक्सी आम्ही स्वतःच्या पैशांनी केल्या.

घाटाच्या वाटेवरच्या साउथ पुल्लूच्या चौकीपाशी तिघांचे डोके ठणकू लागले, उलट्या सुरू झाल्या. यावर खरा उपाय एकच, खाली उतरणे. तुमचा गाइड मात्र ‘वर पोचल्यावर बरे वाटेल’ म्हणत राहिला. सिलिंडर होता, भरलेलाही होता. पण व्हॉल्व्ह उघडायची चावी नव्हती. ती सिलिंडरच्या गळ्याला साखळीने बांधलेली असते. इथे नुसती साखळी लोंबत होती, आणि तो व्हॉल्व्ह बोटांनी फिरत नाही. आम्ही सगळ्या टॅक्सी तिथूनच मागे वळवल्या. शे, ठिकसे, लेहचा राजवाडा, सगळेच राहिले.

पत्रकातल्या सूचनांत ‘कापूर हुंगावा’ असे आहे. कापराने प्राणवायू वाढत नाही. ॲसिटाझोलामाइड या उंचीच्या त्रासावरील औषधाबद्दल निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे, सल्फाची ॲलर्जी असल्यास आवर्जून सांगावे, एवढे दोन ओळींत छापता आले असते. खारदुंग लाची उंचीही दुरुस्त करा : १८,३८० फूट नव्हे, ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८२ फूट. ‘जगातील सर्वात उंच मोटार रस्ता’ हेही काढा. लडाखमधलाच उमलिंग ला हा घाट त्याहून उंच आहे.

आमच्या मागण्या :
टॅक्सींचे ₹११,४०० (पावत्या सोबत जोडल्या आहेत) आणि न झालेल्या स्थलदर्शनाचे माणशी शुल्क परत करावे. पुढच्या गटांसाठी खारदुंग ला चौथ्या दिवसाआधी ठेवू नये. सिलिंडर, चावी, रेग्युलेटर व मास्क निघण्यापूर्वी गटप्रमुखासमोर चालवून दाखवावेत.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

आपले,
गटप्रमुख, स्वयंसेवक गट
म्हापसा, गोवा