उसगावच्या हवालदाराची अर्धी राहिलेली गोष्ट : मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. मुख्यमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी

सप्रेम नमस्कार.

मी उसगावची. माझे बाबा मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. यंदा चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, त्यांनी स्वतः बांधली आणि विसर्जनानंतर नवव्या दिवशी, पहाटे, झोपेतच ते गेले. ऐंशीला एक वर्ष कमी होते. वाड्यावर त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, सगळ्यांचे ते हवालदारबाब. तिरंगा पांघरून त्यांना नेले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी होती. त्यात काजूच्या भट्टीवरचे कामगार होते, शाळेची मुले होती आणि ज्यांच्याशी बाबांचे पाटाच्या पाण्यावरून वीस वर्षे वाजत होते ते शेजारीही होते.

डिसेंबर आला की आपल्याकडे १९ तारखेची, गोवा मुक्तिदिनाची, तयारी सुरू होते. मैदाने झाडतात, मुलांची कवायत बसवतात, भाषणे लिहून होतात. तुमचेही भाषण तयार होत असेल. त्याच्या आत हे पत्र तुमच्यापर्यंत पोचावे, म्हणून घाईने लिहिते आहे.

बाबा १९६१ साली पंधरा वर्षांचे होते. देवळाच्या पडवीत भरणाऱ्या मराठी शाळेत ते शिकले. १८ डिसेंबरला दोडामार्गच्या बाजूने भारतीय लष्कराची ५० पॅरा ब्रिगेड गोव्यात शिरली. तिच्या एका तुकडीची वाट उसगाववरून फोंड्याला जात होती. ती तुकडी २ पॅरा, म्हणजे मराठा पलटणीतूनच पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेलेली माणसे. पोर्तुगीजांनी माघार घेताना ठिकठिकाणचे पूल उडवले होते. बाबा आणि त्यांचा थोरला भाऊ कळशी घेऊन रस्त्याला उभे राहिले आणि येईल त्या जवानाला पाणी देत राहिले. पाणी पिऊन एकाने विचारले, "बाळा, नदीला उतार कुठं?" बाबा म्हणायचे, वर्दीतला माणूस आपल्यासारखे मराठी बोलतो हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. तोवर त्यांनी पाहिलेली वर्दी फक्त पाखल्यांची, म्हणजे पोर्तुगीजांची, आणि ती दिसली की मुलांनी घरात पळायचे असते एवढेच त्यांना ठाऊक.

तीन वर्षांनी ते बेळगावला जाऊन भरती झाले. आजोबांनी वर्षभर बोलणे टाकले होते. कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बाग, सांभाळायला मुलगा हवा होता आणि मुलगा निघाला मिलिटरीत.

त्यांच्या नोकरीची यादी इथे देत नाही, ती तुमच्या खात्याच्या कागदांत असेलच. कागदांत नाही ते सांगते. वर्षाला दोन महिन्यांची रजा मिळायची. एका वर्षी ती चवथीला घेतली तर पुढल्या वर्षी शिगम्याला, म्हणजे दोन्ही सणांना आपण आठवणीत राहू असा त्यांचा हिशेब. रजेवर आले की आम्हा दोघी बहिणींच्या वेण्या तेच घालायचे. त्यांची वेणी इतकी घट्ट असे की शाळा सुटेपर्यंत एक केस हलायचा नाही, आणि वर अबोलीचा गजरा अगदी मोजून मध्यावर. आईने कधी म्हटले, "पोरींचे डोळे ओढले जातात," तर पुन्हा सोडून पुन्हा घालायचे, पण घट्टच. माटोळीच्या गाठी तर बघण्यासारख्या. कांगले, माट्टुळ्या, नारळाचे घड, सुपारीचे शिपटे, सगळे ज्या दोऱ्यांनी टांगायचे त्या गाठी पलटणीत शिकलेल्या. पाच दिवस एक सुपारी खाली पडत नसे आणि सोडताना एका झटक्यात दोरी मोकळी होई. यंदाची माटोळी आम्ही अजून पुरती सोडलेली नाही. एक दोरी तशीच आहे.

निवृत्त होऊन घरी आल्यावर सकाळचा चहा त्यांनी आईला कधी करू दिला नाही, मरेपर्यंत. साडेचारला उठायचे, चादरीची घडी करायची, चूल पेटवायची, गॅस आल्यावर गॅस, आणि कप आईच्या उशाशी. "चोवीस वर्षं तू एकटीनं केलंस," एवढेच म्हणायचे.

त्यांची काळी लोखंडी ट्रंक आमच्या माळ्यावर होती. वर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर, हुद्दा, नाव. बाराव्यानंतर आईने ती खाली काढायला सांगितली. आत वर्दीचा एक जोड, कापडात गुंडाळलेली पदके, नारळाच्या काथ्याने बांधलेला आईच्या पत्रांचा गठ्ठा आणि त्याखाली बाबांनी आईला पाठवलेली पत्रे. आईने ती त्यांच्याच ट्रंकेत ठेवली होती हे आम्हाला माहीत नव्हते. मोजली, ११२ निघाली. प्रत्येकावर पत्ता केअर ऑफ ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, म्हणजे लष्कराच्या टपाल कार्यालयाचा. सगळी मराठीत, बारीक, कोपऱ्यापर्यंत भरलेली. इनलँड पत्राची चिकटवायची पट्टीसुद्धा त्यांनी रिकामी सोडली नव्हती.

लढाईच्या काळातली पत्रे मी आधी शोधली. युद्धाबद्दल काही असेल असे वाटले होते. ३ डिसेंबर १९७१ ला युद्ध पेटले आणि बाबांची १ मराठा, जंगी पलटण, लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार यांच्या हाताखाली पूर्वेकडे, आजच्या बांगलादेशात, जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली होती. ब्रिगेडियर क्लेर यांनी गावातल्या पाकिस्तानी फौजेला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. उलट आलेल्या चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती. १० डिसेंबरच्या रात्री ती फौज कोंडी फोडून बाहेर पडायला आली आणि ११ ला पहाटेपर्यंत मराठ्यांनी तिला पुढे जाऊ दिले नाही. हे सगळे मी पुस्तकांत वाचले. बाबांच्या पत्रात त्या दिवसांबद्दल एवढेच आहे : "इकडे थंडी बरी आहे. मी खुशाल. पोफळींना पाणी चुकवू नये. वरच्या पाटाला भगदाड पडले असेल तर मामाला सांगून आधी ते बुजवून घे, नाहीतर खालच्या केळी सुकतील."

आणि मग १८ डिसेंबरचे पत्र आहे. ते मी किती वेळा वाचले मोजले नाही. बाबा लिहितात, टांगाईलजवळ पुंगलीच्या पुलापाशी त्यांची पलटण २ पॅराला जाऊन मिळाली. हे छत्रीवाले ११ तारखेला विमानातून तिथे उतरले होते. चहा पिताना एका जुन्या नाईकाने विचारले, तू कुठला. बाबांनी गाव सांगितले. "तो म्हणाला, उसगाव? तिथे आम्हाला पोरांनी पाणी पाजले होते. मी त्याला सांगितले नाही की त्यातला एक मी. माझा गळा दाटून आला. उद्या आपल्या गोव्याला दहा वर्षे होतील. देवळात नारळ ठेव."

मुख्यमंत्री महोदय, ज्या पलटणीने आमचे गाव ओलांडून फोंड्याच्या बाजूने गोवा मोकळा केला, तिच्याच माणसांना गोव्याचा मुलगा दहा वर्षांनी दुसऱ्या देशाच्या मुक्तीच्या वाटेवर भेटला. गोव्यातल्या त्या ब्रिगेडचे प्रमुख सगत सिंग होते आणि १९७१ मध्ये तेच पूर्वेकडे चौथ्या कोअरचे प्रमुख होते. आपल्या १९ डिसेंबरचा आणि बांगलादेश मोकळा झाला त्या १६ डिसेंबरचा असा धागा एका इनलँडवर लिहिलेला होता, आणि तो आमच्या माळ्यावर ५० वर्षांहून अधिक काळ पडून राहिला. बाबांनी स्वतः हे आम्हाला एकदाही सांगितले नाही. दर वर्षी १० डिसेंबरला तिन्हीसांजेला तुळशीपाशी दोन पणत्या लावायचे आणि अंगणातच बसून राहायचे. आई त्या दिवशी जेवायला हाक मारत नसे.

२०२१ साली, युद्धाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, मी धीर करून मोबाईल समोर ठेवला आणि म्हटले, बाबा, सांगा. ते बोलायला लागले. रात्र कशी होती, धुके किती होते, बोलायची मनाई होती म्हणून एकमेकांच्या खांद्यावर बोटांनी खुणा कशा करत, सगळे अगदी सावकाश. एका नावाशी येऊन थांबले. सोबतचा जवान, सातारकडचा. मग म्हणाले, "पंप बंद कर गो, टाकी भरली असेल." मी उठून पंप बंद केला. परत आले तोवर ते गाईला वैरण घालायला गेले होते. ११ मिनिटांचे रेकॉर्डिंग आहे ते. उरलेले पुढच्या वेळी, असे मी धरून चालले. पुढची वेळ मी चार वर्षे ढकलत राहिले. ती चूक माझी आहे आणि ती मला आयुष्यभर टोचेल.

आता मागणी सांगते. तिला अजून एका प्रसंगाची जोड आहे.

माजी सैनिकाला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. दोन वर्षांमागे बाबांचा ठसा यंत्रावर उमटेना. चाळीस वर्षे सुपारी सोलून बोटे गुळगुळीत झालेली. त्या खिडकीवरचा मुलगा वाईट नव्हता, पण त्याच्याकडे उत्तर एकच : ठसा नाही तर दाखला नाही. बाबा सवयीने सावधानमध्ये उभे होते. कोकणीत म्हणाले, "पूता, हांव हांगा उबो आसां न्हय." म्हणजे, बाळा, मी इथे उभा आहे ना. मुलगा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. आम्ही तीन खेपा घातल्या, दोन महिने पेन्शन आली नाही. पोस्टमन घरी येऊन हा दाखला करून देतो, मोबाईलवर चेहरा दाखवूनही तो होतो, हे आम्हाला चौथ्या खेपेला एका ओळखीच्या पोस्टमननेच सांगितले. सोय होती, पण आमच्या दारापर्यंत तिची बातमी आली नव्हती. घरी येऊन केलेला दाखला दहा मिनिटांत झाला. पोस्टमनला चहा झाला, आणि बाबा त्याला आपणहून बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमधल्या भरतीच्या दिवसांची गोष्ट सांगत बसले. अर्धा तास! घरच्यांना जे सांगितले नाही ते परक्याला सांगितले. माणूस दारात आला, निवांत बसला, की जुना सैनिक बोलतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. पुढच्या नोव्हेंबरात सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक माजी सैनिकाच्या आणि वीरपत्नीच्या दारात सरकारचा माणूस जाऊ द्या. तो दाखला करून देईल. त्याच्यासोबत कॉलेजचा एक मुलगा किंवा मुलगी पाठवा, इतिहासाची असो वा मराठी-कोकणीची, आणि तिच्या हातात रेकॉर्डर द्या. दाखला झाला की तिने बसावे आणि ऐकावे. ज्याला मराठीत सांगायचे त्याने मराठीत सांगावे, ज्याला कोकणीत त्याने कोकणीत. पत्रे, फोटो असतील तर जागेवरच स्कॅन करून मूळ कागद घरीच ठेवावेत, कारण ती पत्रे आईकडून कुणी नेली तर तिला झोप येणार नाही. पणजीत पाटोवरच्या आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयात हे सगळे नीट लावून ठेवायला जागा आहे आणि माणसेही आहेत. ते ग्रंथालय १८३२ पासूनचे आहे, त्याने याहून जुने कागद सांभाळले आहेत.

१९६१ ला अंजदीव बेटावर धारातीर्थी पडलेल्या सात नौसैनिकांची नावे वास्कोला आयएनएस गोमंतकच्या स्मारकावर आहेत. पत्रादेवीला हुतात्म्यांचे स्मारक आहे. तिथे आपण जातो, फुले वाहतो, आणि ते करायलाच हवे. पण जे परत आले, ज्यांनी नंतर पन्नास वर्षे कुळागर शिंपले, मुलींच्या वेण्या घातल्या, त्यांच्यासाठी दगड उभारा असे मी म्हणत नाही. बाबांना ते आवडलेही नसते. १९६५ ला जे वीस वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. १९७१ वाले सत्तरीच्या पुढे. यातले किती जण पुढच्या चवथीला माटोळी बांधतील?

हे काम मोठ्या खर्चाचे नाही, खोळंबा फक्त कुणीतरी ठरवण्याचा आहे. तुम्ही ठरवलेत तर उसगावपासून सुरुवात करा. बाबांची ११२ पत्रे आणि माझी ११ मिनिटे तयार आहेत. आई सकाळी दहानंतर सोप्यावर असते. १८ डिसेंबरचे पत्र ती स्वतः वाचून दाखवते, चष्म्याशिवाय, कारण ते तिला पाठ आहे.

आमच्या वाड्यापलीकडे, ओहोळ ओलांडला की उजव्या हाताला, १९६५ च्या लढाईतले एक आजोबा आहेत. त्यांच्याकडे आधी पाठवलेत तर जास्त बरे. दुपारी ते झोपतात, सकाळी पेज झाल्यावर गेलेले चांगले. डाव्या कानाने ऐकू येत नाही, तेव्हा उजव्या बाजूला बसायला सांगा.

आपली नम्र,
उसगावच्या हवालदारबाबांची थोरली मुलगी