राक्षसानं कुणाला फसवलंय?

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, पुरे झालं आता गोष्टींतलं हे जादू-बिदू. सर म्हणाले, आधी वास्तव लिहायला शीक." मी ड्यूटीला निघाले होते, म्हणून नुसतं 'हं' म्हटलं. तो होकार समजू नकोस. सरांचा मान ठेवूनच सांगते, त्यांनी भलत्याच आरोपीला धरलंय.

कल्पित आणि वास्तव यांची ओढाताण मी पुस्तकांपेक्षा अतिदक्षता विभागात जास्त पाहिली आहे. मॉनिटरवरची रेषा सरळ झाली की नातेवाईक विचारतात, "सिस्टर, शॉक का देत नाही?" त्यांचा काय दोष? पडद्यावर त्यांनी कितीदा पाहिलेलं असतं: सरळ रेषा, छातीवर दोन पॅडल, एक हिसका, आणि रेषा पुन्हा नाचायला लागते. प्रत्यक्षात सरळ रेषेला शॉक देतच नाहीत. हृदय वेडंवाकडं थरथरत असतं तेव्हा ती बिघडलेली लय मोडायला शॉक असतो. रेषाच सरळ झाली तर मोडायला काही उरलेलं नसतं. मग हातांनी छाती दाबत राहायचं आणि अ‍ॅड्रिनॅलिन द्यायचं. दाबणारा घामाघूम होतो, रुग्णाच्या बरगड्याही मोडतात. पडद्यावर हे कोण दाखवणार?

अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी टीव्हीवरच्या या प्रसंगांचा हिशेबच मांडला होता. १९९६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तो छापून आला. त्यांनी तीन कार्यक्रमांचे ९७ भाग पाहिले आणि छाती दाबून जीव वाचवायचे ६० प्रसंग मोजले. त्यांपैकी ७५ टक्के रुग्णांचं हृदय तिथल्या तिथे पुन्हा सुरू झालं, आणि दोनतृतीयांश रुग्ण तर घरी जाण्याइतके बरे झाले. रुग्ण बहुतेक तरुण किंवा लहान मुलं. खऱ्या जगात रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्यांपैकी जिवंत घरी परतणारे बहुतेक ठिकाणी दहात एकाच्या आसपास असतात, पुष्कळदा त्याहूनही कमी. आणि ते बहुधा वयस्कर असतात.

आता बघ, या कार्यक्रमांत राक्षस नव्हते, उडती चटई नव्हती. पांढरे कोट होते, खरी यंत्रं होती, औषधांची नावंसुद्धा खरी. म्हणून तर लोकांनी विश्वास ठेवला. मेलेल्याला उठवणारी जडीबुटी गोष्टीत वाचून ती आमच्याकडे मागायला आजवर कुणी आलेलं नाही. मंतरलेल्या तलवारीची गोष्ट दारातच सांगून टाकते की मी गोष्ट आहे. दवाखान्याची मालिका मात्र ते सांगायचं सोयीस्कर विसरते.

तुला आवडेल असा एक किस्सा सांगते. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेत ऑर्सन वेल्सनं रेडिओवर एक नाटक केलं. मंगळावरचे लोक पृथ्वीवर उतरलेत, अशी गोष्ट. बराचसा भाग बातमीपत्राच्या धाटणीचा: संगीत मध्येच तोडायचं आणि वार्ताहरानं धापा टाकत बोलायचं. हे नाटक आहे, असं सुरुवातीलाच सांगितलेलं होतं. मध्येही सांगितलं, शेवटीही. उशिरा रेडिओ लावणारे काही लोक घाबरले, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी छापलं की देशभर हाहाकार माजला. पुढे अभ्यासकांनी तपासलं तेव्हा तो हाहाकार बराचसा फुगवलेला निघाला. रेडिओ वर्तमानपत्रांच्या जाहिराती पळवत होता आणि त्यांना तो बेजबाबदार ठरवायचाच होता. म्हणजे नाटकानं आपण नाटक असल्याचं तीनतीनदा कबूल केलं, आणि तिखटमीठ लावलं ते बातम्या देणाऱ्यांनी. तरी आजही लोक त्या नाटकालाच दोष देतात.

आणि आर्थर कॉनन डॉईल! शेरलॉक होम्स हा पुराव्याशिवाय पाऊल न टाकणारा गुप्तहेर निर्माण करणारा माणूस. १९१७ साली इंग्लंडमधल्या कॉटिंग्ली गावात दोन मावसबहिणींनी ओढ्याकाठी पऱ्यांचे फोटो काढले. मोठी सोळा वर्षांची, धाकटी नऊ. डॉईलनी १९२०मध्ये ते फोटो खरे मानून मासिकात लेख लिहिला. पऱ्या होत्या कागदाच्या, एका पुस्तकातल्या चित्रांवरून काढलेल्या आणि टोपीच्या पिनांनी उभ्या केलेल्या. त्या पुस्तकात डॉईलची स्वतःची एक कथाही होती, हे विशेष! बहिणींनी कबुली दिली ती १९८३ साली, दोघी म्हाताऱ्या झाल्यावर. डॉईलना हसावंसं मला मात्र वाटत नाही. परलोकविद्येकडे त्यांचा ओढा आधीपासून होता, त्यात १९१८ साली मुलगा गेला, पुढच्या वर्षी भाऊ. परीकथा म्हणून कुणी ती चित्रं दिली असती तर त्यांनी पान उलटलं असतं. 'पुरावा' म्हणून हातात आली आणि ते अडकले. शॉकबद्दल विचारणाऱ्यांच्या चेहऱ्यावर मला तेच दिसतं. माणूस ज्या गोष्टीसाठी तळमळत असतो, ती खऱ्याचे कपडे घालून समोर आली की शिकलासवरलेलाही ओळखू शकत नाही.

म्हणून 'वास्तव लिही' म्हणजे नेमकं काय, हे सरांना विचार. नळ, बस, भाड्याची खोली घातली की वास्तव होतं का? रिअ‍ॅलिटी शोमध्ये तर सगळंच खरं असतं, माणसंसुद्धा. तरी तासन्‌तासांच्या चित्रीकरणातून वीस मिनिटं निवडणारा संपादक ठरवतो की आज कोण दुष्ट दिसणार.

याचा अर्थ कल्पित साहित्य धुतल्या तांदळासारखं आहे, असं नाही. आपल्याकडचंच बघ. १८५७ची 'यमुना पर्यटन' ही कादंबरी विधवांच्या हालांवर लिहिलेली. तिच्यापाठोपाठ 'मुक्तामाला' आणि 'मंजुघोषा' आल्या आणि अद्भुताची लाट उसळली. पुढच्या समीक्षकांनी त्या अद्भुत कादंबऱ्यांना नावं ठेवली, आणि ती टीका मला पटते. पण माझी तक्रार अद्भुताविषयी नाही. तिथे कुणाला काही मोजावं लागत नाही, ही खरी तक्रार आहे. हवा तेव्हा योगायोग हजर, सज्जन शेवटपर्यंत सज्जन, ताटातूट झालेले भेटले की जसेच्या तसे. गोष्टीत माणूस उडू शकतो, याचं मला काही वाटत नाही. पण उडून आल्यावर त्याचे खांदे दुखले पाहिजेत.

तुझ्या वहीकडे येते. तुझी नायिका पाताळातून भावाला परत आणते, ते प्रकरण मी रात्रपाळीहून आल्यावर वाचलं आणि झोप उडाली. नदीला लाच म्हणून ती स्वतःचा आवाज देते, ते तर फारच छान. पण पुढच्याच पानावर दोघं हसत घोड्यावर बसतात! तिथे मी थांबले. जादू पटली रे, हसू पटलं नाही. आमच्याकडून जी माणसं परत जातात ती लगेच हसत नाहीत. हातापायांतलं बळ गेलेलं असतं, कित्येकांना भास झालेले असतात, आम्ही त्यांना मारायला आलो होतो असं काहींना ठाम वाटत असतं. बाहेर वाट पाहून थकलेल्या माणसाचा आनंद ओसरला की खाली एक राग सापडतो, तो त्याला स्वतःलाही कळत नाही. हे सगळं तुझ्या पाताळाच्या गोष्टीत येऊ शकतं. भाड्याच्या खोलीत नेऊन ठेवलंस म्हणून ते जास्त खरं होईल, असं मला वाटत नाही.

तेवढं प्रकरण पुन्हा लिही आणि सरांना तेच दाखव. नदीकडून आवाज परत घेऊ नकोस. भावाला बहीण ओळखू येते की नाही, ते ठरव. आणि घोडा काढून टाक, तो आधी चार पावलं चालतो का ते बघू.

तुझी,
आई