मेगर न लावता सोडलेली बातमी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत 'पाच दिवसांत नैराश्य गायब!' या मथळ्याचा, मेंदूवर चुंबकाने करायच्या उपचाराबद्दलचा अर्ध्या पानाचा लेख आला होता. त्याचं कात्रण घेऊन माझी धाकटी बहीण माझ्याकडे आली. तिच्या मुलाला ओसीडी आहे. हात धुतले की पुन्हा धुवायचे, कडी लावली की पुन्हा जाऊन पाहायची, असं दिवसदिवस चालतं. तिने आधी विचारलं, "दादा, पाच दिवसांत होतं का रे खरंच?" मग फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "तुलाही असंच बांधून शॉक दिले होते?" एकाच कात्रणाने तिला आशा लावली होती आणि घाबरवूनही सोडलं होतं. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितोय. पत्र लांबलं तर कापा, पण आकडे कापू नका.

मी डॉक्टर नाही. ३८ वर्षं मोटार रिवाइंडिंग केलं. जळालेली मोटार उघडायची, टर्न, म्हणजे तारेचे वेढे, मोजून जुनी तार काढायची, त्याच गेजची नवी भरायची, वार्निश द्यायचं, सुकवायचं आणि गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी मेगर लावायचा. मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर. मोटार फिरली म्हणजे झालं, असं आमच्यात कोणी म्हणत नाही. फिरणारी मोटारसुद्धा बॉडीला करंट देत असू शकते.

धंदा बंद केला आणि सहा महिन्यांत मी आडवा झालो. रडू वगैरे येत नव्हतं. काहीच येत नव्हतं. मुलगी समोर बसून बोलायची आणि तिचे ओठ हलताना दिसायचे, एवढंच. एक औषध झालं, ते बदलून दुसरं झालं, दोन्ही पुऱ्या डोसात आणि पुरेसे आठवडे. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांनी आरटीएमएस सुचवलं. पूर्ण नाव रिपीटिटिव्ह ट्रान्सक्रेनिअल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन. कवटी न उघडता, भूल न देता, बाहेरून चुंबकाने मेंदूला चालना द्यायची.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्या दिवशी कोणाला तरी प्रश्न विचारला. "कॉइल किती टर्नची?"

कारण मशीन पाहिलं आणि ओळखीचं वाटलं. आत वीज साठवणारा कपॅसिटर असतो. तो चार्ज होतो आणि एका झटक्यात कॉइलमध्ये रिकामा होतो. हजारो अँपिअरचा करंट, पण सेकंदाच्या दहाहजाराव्या भागात मोजावा इतकाच वेळ. त्याने कॉइलभोवती दीड-दोन टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या जोराचं माप) चुंबकत्व क्षणात उभं राहतं आणि क्षणात कोसळतं. चुंबकत्व बदललं की जवळच्या वाहकात वीज तयार होते, हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं, आणि तमाम ट्रान्सफॉर्मर त्याच्यावरच चालतात. इथे प्रायमरी, म्हणजे वीज सोडायची बाजू, ती आठाच्या आकड्यासारखी कॉइल आणि सेकंडरी, म्हणजे वीज उमटते ती बाजू, माझा मेंदू. मधे तार नाही. चुंबकत्वाला हाडाची अडचण होत नाही, ते आरपार जातं. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अशा कॉइलने माणसाचा हात हलवून दाखवला, तिथून हे सुरू झालं. (चुंबकाचं कडं घालून फिरणाऱ्यांनी 'बदललं की' हे दोन शब्द परत वाचावेत. स्थिर चुंबकातून असा करंट येत नाही.)

आता मापाचं. पहिल्या दिवशी उपचार झालाच नाही, मोजणी झाली. आधी विचारलं, डोक्यात कुठे धातू आहे का, कानात इम्प्लांट, मेंदूत क्लिप, कधी फीट आली होती का. मी नाही म्हणालो, आणि मग आठवलं की ग्राइंडरची ठिणगी उडून एकदा डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता. त्यांनी खुर्चीतून उठवलं, एक्स-रे काढायला लावला, तो स्वच्छ आल्यावरच पुढे गेले. मग डाव्या बाजूला कॉइल सरकवत सरकवत एक जागा शोधली, जिथे चुंबकाचा ठोका दिला की उजव्या हाताचा अंगठा टुणकन उडतो. आपण हलवलेला नसतो. स्वतःचा अंगठा दुसऱ्याने बटण दाबून हलवलेला पाहणं, हे काय वाटतं ते सांगता येत नाही. नंतर ताकद कमी कमी करत गेले. १० ठोक्यांपैकी ५ वेळा अंगठा हलेल अशी कमीत कमी ताकद, तिला मोटर थ्रेशोल्ड म्हणतात. (आमची मोटार नव्हे.) माझा आला मशीनच्या ताकदीच्या ५४ टक्के. उपचार त्याच्या १२० टक्क्यांनी द्यायचा, म्हणजे ६५. प्रत्येकाचा आकडा वेगळा. कवटीपासून मेंदू किती आत आहे, कोणती औषधं चालू आहेत, रात्री झोप झाली का, सगळ्याने तो हलतो. कॉइलचा जोर खोलीबरोबर झपाट्याने ओसरतो, आत दोन-तीन सेंटीमीटरच पोचतो. तेव्हा कॉइल बोटभर वर उचलली गेली किंवा कलली, तर ६५ कागदावरच राहतात. झोपेची गोळी कमी केल्यावर माझा थ्रेशोल्ड पुन्हा काढला, तो ५१ आला आणि डोस ६१ वर आणला.

हे सगळं अर्ध्या पानाच्या लेखात एका ओळीतही नव्हतं. लेखातली ओळ होती, 'डोक्याला मशीन लावले जाते.'

प्रत्यक्ष उपचार कंटाळवाणा असतो. कपाळाच्या वर डावीकडे कॉइल टेकवतात, कानात बोळे घालतात, कारण आवाज कडक असतो. चार सेकंदांत ४० ठोके, मग २६ सेकंद शांतता, मग पुन्हा. असे साडेसदतीस मिनिटांत ३,००० ठोके. भुवई उडते, दात वाजतात, पहिला आठवडा डोकं दुखलं. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. उठून चालत घरी. फीट येण्याचा धोका हजार रुग्णांत एकाहूनही कमी, पण तो असतो, आणि म्हणूनच शेजारी माणूस लागतो.

आता तुमच्या फोटोविषयी. दाताखाली पट्टी, कपाळाला दोन इलेक्ट्रोड, पट्ट्याने बांधलेला माणूस. तो इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपीचा, म्हणजे ईसीटीचा फोटो आहे, आणि तोही जुन्या काळचा. १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झालेला तो उपचार मुद्दाम फीट आणण्याचा आहे, हल्ली तो भूल देऊन करतात. चुंबकाच्या उपचारात फीट टाळायची असते. एक घडवायची आणि एक टाळायची, आणि फोटो एकच! ईसीटीला मी नावं ठेवत नाही. अतिशय गंभीर नैराश्यात आजही त्याचा गुण चुंबकापेक्षा जास्त येतो, असं माझ्याच डॉक्टरांनी सांगितलं. पण ज्याला जे नेमून दिलंय त्याला त्याचा फोटो दाखवा.

'पाच दिवसांत' हे खोटं नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात दिवसाला १० बैठका, पाच दिवस, अशी पद्धत काढली. चाचणी २०२२ मध्ये छापून आली. खरा उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक चार आठवड्यांच्या आत लक्षणमुक्त झाले, नकली कॉइल (लावतात तशीच, पण उपचार होत नाही) लावलेल्यांत १३ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने पद्धतीला मान्यताही दिली. आकडा दणदणीत आहे. पण त्या चाचणीत माणसं होती एकूण २९. तुमच्या लेखात ७९ होता, २९ नव्हता. त्याच्या शेजारी हे ठेवून पाहा: २०१८ मध्ये ४१४ जणांवरची कॅनडातली चाचणी आली, तीन मिनिटांची नवी पद्धत आणि साडेसदतीस मिनिटांची जुनी यांची तुलना करणारी. दोन्हींत निम्म्याच्या आसपास लोकांना चांगला गुण आला, पूर्ण लक्षणमुक्त झाले ते जुन्या पद्धतीत २७ टक्के, नव्या पद्धतीत ३२. आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या १६४ माजी सैनिकांवरची चाचणी आली, तिच्यात खऱ्या कॉइलने ४१ टक्के बरे झाले आणि नकली कॉइलने ३७.

हा ३७ माझ्या डोक्यातून जात नाही. कारण मी स्वतः बरा झालो तो नक्की कशाने? रोज ठरल्या वेळी मुलगी मला उठवायची, दाढी करायला लावायची. तिथला तंत्रज्ञ मुलगा रोज विचारायचा, काका, काल झोप लागली का? सहा आठवडे कोणीतरी माझ्या डोक्यावर मन लावून काम करत होतं. यातला किती वाटा कॉइलचा आणि किती या सगळ्याचा, हे माझ्या एकट्याच्या अनुभवावरून काढताच येणार नाही. त्यासाठीच नकली कॉइलच्या चाचण्या लागतात. त्यामुळे 'मला गुण आला' हा पुरावा म्हणून मी देत नाहीये, तुम्हीही कोणाचा देऊ नका.

पण कसा आला ते सांगतो, कारण लेखात 'चेहऱ्यावर हसू फुलले' असं काहीतरी होतं. मला हसूबिसू फुललं नाही. चौथ्या आठवड्यात एका दुपारी पडलो असताना छताच्या पंख्याचा आवाज ऐकू आला. घर्रघर्र. तो वर्षभर तसाच येत असणार. मी वैतागलो. 'बेअरिंग गेलंय याचं, कोणाला ऐकू येत नाही का?' असं मोठ्याने ओरडलो. मुलगी धावत आली आणि दारातच रडायला लागली. बेअरिंग मीच बदललं, त्याला मात्र पुढचे आठ दिवस लागले.

वर्षाने पुन्हा थोडी घसरण झाली होती. थोड्या बैठका परत घेतल्या, एक औषध अजून चालू आहे. 'कायमची मुक्ती' हे तुमचे शब्द आहेत, डॉक्टरांचे नव्हेत.

लेखाच्या शेवटच्या चौकटीत 'घरच्या घरी वापरण्याचा पट्टा' होता, जणू तो याच मशीनचा धाकटा भाऊ. तोही मी अनुभवला आहे. मशीनच्या आधी पुतण्याने हौसेने आणून दिला होता, ओल्या स्पंजचे दोन इलेक्ट्रोड असलेला. मी सवयीने मल्टीमीटर सिरीजमध्ये लावला. १.९ मिलीअँपिअर. त्याला टीडीसीएस म्हणतात, सरळ बॅटरीचा करंट. यात चुंबक नाही आणि करंटला हाड आड येतं. करंट सोपी वाट धरतो, ओल्या कातडीवरून पलीकडच्या स्पंजकडे. मृतदेहांवर मोजून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ७५ टक्के करंट कातडी आणि कवटीतच संपलेला दिसला. म्हणून ते थोतांड आहे असं नाही. २०२३ मध्ये १६० जणांवरच्या चाचणीत तो नकलीपेक्षा सरस ठरला नाही, २०२४ मध्ये १७४ जणांवरच्या चाचणीत ठरला, तिथे लोक घरीच वापरत होते पण तज्ज्ञ व्हिडिओवर लक्ष ठेवून होते. गाडं अजून तिथेच आहे. माझ्या पट्ट्याबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं 'स्मरणशक्ती, एकाग्रता, झोप, आत्मविश्वास'. एकच स्पंज कपाळाच्या एकाच जागी ठेवून! पंपाची मोटार आणि मिक्सरची मोटार एकाच कनेक्शनने चालेल म्हणणाऱ्याला आम्ही दुकानातून हाकलला असता.

स्मृतिभ्रंशाचं तर तुम्ही एका वाक्यात उरकलंत, 'विस्मरणावरही गुणकारी'. इटलीत अल्झायमरच्या ५० रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांवर २४ आठवडे चुंबकीय उपचार केल्यावर त्यांची घसरण नकली उपचार मिळालेल्या बाकीच्यांपेक्षा कमी झाली, हे २०२२ मध्ये छापून आलंय. घसरण कमी झाली, आठवण परत आली नाही. घरात असा माणूस असलेला वाचक 'गुणकारी' या शब्दाचा काय अर्थ घेईल?

राहिला भाचा. ओसीडीसाठी अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली आहे, पण ती वेगळ्या, खोल पोचणाऱ्या कॉइलला, आणि ती कपाळामागे मधोमध काम करते, माझ्यासारखी डावीकडे नाही. उपचाराआधी रुग्णाला त्याच्या भीतीची आठवण करून देतात, म्हणजे ती वायरिंग जागी असताना ठोका पडावा. हे सांगितल्यावर बहीण म्हणाली, "म्हणजे त्याला आधी कडीची भीती घालणार?" हो. तेही लेखात नव्हतं. आम्ही दोघं पुढच्या मंगळवारी त्याला घेऊन माझ्या डॉक्टरांकडे जाणार आहोत. थ्रेशोल्ड कसा काढता, किती दिवसांनी पुन्हा मोजता, फीट आली तर जवळ कोण असेल, गुण आला नाही तर कितव्या बैठकीला थांबायचं, असे प्रश्न मी तिला वहीत लिहून दिलेत. कोणती कॉइल, हा मी स्वतः विचारणार आहे.

आपण एवढंच करावं. फोटो चुकीच्या उपचाराचा होता, अशी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, आणि ७९ टक्क्यांच्या शेजारी २९ हा आकडा द्यावा. चौकटीइतकी जागा पुरेल.

आपला,
एक नियमित वाचक (निवृत्त मोटार रिवाइंडर)